कोरड्यांचा बँड

माझा धाकटा भाऊ दारू प्यायचा. हे सांगून मी काही विशेष सांगते आहे असं नाही. आमच्या राई गावात त्या काळी न पिणारा पुरुष शोधायचा तर देवळापर्यंत जावं लागे, आणि सणासुदीला तिथूनही हात हलवत परत यावं लागे. पण बाकीचे पिऊन झोपायचे. माझा भाऊ पिऊन विसरायचा. तो आमच्या मिठागरावर मुकादम. भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी कधी उघडायची आणि कधी बंद करायची, हे त्याचं मुख्य काम. एका उधाणाला तो बांधावर आडवा पडला, उघाडी सताड उघडी राहिली आणि ढीग लावून ठेवलेलं पांढरं शुभ्र मीठ समुद्राने आपलं आपण परत नेलं. सकाळी उठून तो मला म्हणाला, "बाय, मीठ कुठं गेलं?"

मी म्हटलं, "जिथून आलं तिथं."

त्याच आठवड्यात माझी भावजय माहेरी गेली. ती रडली नाही, भांडली नाही. तिने पाटा-वरवंटा बैलगाडीत घातला आणि शेजारी बसली. जी बाई पाटा-वरवंटा घेऊन माहेरी जाते ती चार दिवसांसाठी जात नाही, हे मला लगेच कळलं. भावाला कळायला जेवणाची वेळ व्हावी लागली, कारण चटणी नव्हती.

मी तेव्हा तिशीची होते. भाईंदरच्या मुलींच्या शाळेत शिकवायचे. माझे मालक रेल्वेत गार्ड, म्हणजे घरी कमी आणि डब्यात जास्त, म्हणून मी माहेरच्याच घरात राहायचे. आईवडील राहिले नव्हते. दिवेलागणीनंतरही सकाळचं आठवणारं माणूस घरात मी एकटीच, तेव्हा भावजयीला परत आणायचं काम माझ्याकडे आलं.

तिचं माहेर चेण्याचं. मिरा आणि काशी ही गावं मागे टाकून घोडबंदरच्या वाटेला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी ते गाव. मी गेले तेव्हा तिचे वडील ओटीवर बसले होते. वजनदार माणूस; बोलला की कोंबड्यासुद्धा थांबून ऐकायच्या. हातात पितळी पेला होता आणि पेल्यात जे होतं त्याचा वास मला अंगणातच आला होता. तो पेला हातात तसाच धरून त्यांनी मला दारूचे दुष्परिणाम सांगितले. मग अट घातली. वैशाखात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं.

"मास्तरीण, थोरला जावई म्हणून तो मांडवात येल. मांडवात पाय ठेवल्यापासून वरात निघंपर्यंत त्यानं थेंब घेतला न्हाय, तर पोरगी तुज्या गाडीत बसवून देतो. घेतला, तर त्याच मांडवात काडीमोड."

मी आत भावजयीकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "वन्सं, बाबा बोलले ते मीच त्यांना बोलायला सांगितलंय."

मग प्रश्नच मिटला. आता फक्त माणूस कोरडा करायचा उरला.

पहिला उपाय सगळे करतात तोच मी केला. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घालून पिणं पाप, हे त्याला पूर्ण मान्य होतं. त्यामुळे दारूच्या पिठ्यात जाण्याआधी तो माळ काढून, डोळ्यांना लावून, दाराच्या खुंटीला अडकवायचा आणि परत आल्यावर पुन्हा घालायचा. त्या खुंटीला इतर कुणाला टोपीसुद्धा अडकवू देत नसे.

दुसरा उपाय सभेचा. मुंबईहून खादीतले दोन सभ्य गृहस्थ दारूबंदीवर भाषण करायला आले. भाऊ पहिल्या रांगेत बसला, सगळ्यात जोरात टाळ्या त्याने वाजवल्या, आणि शेवटी शपथ घ्यायला जे उभे राहिले त्यांत त्याचा आवाज सर्वांत खणखणीत होता. शपथ उद्यापासून लागू होती. तेव्हा सगळे शपथवाले सभेतून एका रांगेत थेट पिठ्यावर गेले, आजचा दिवस वाया जाऊ नये म्हणून. ते पाहुणे गृहस्थ ती शिस्त पाहून फार संतुष्ट झाले. रांग कुठे चालली आहे हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

तिसरा उपाय एका वैदूची पूड. ती दुधातून द्यायची होती. तिने भावाचं दूध सुटलं.

त्यातच मुंबईत सरकारने खरोखरीची दारूबंदी केली. बंदीला हद्द होती, तहानेला नव्हती. शहरातले पिणारे आमच्याकडे येऊ लागले आणि भाईंदरच्या पिठ्यात चक्क खुर्च्या आल्या. भाऊ म्हणायचा, एवढी मोठी माणसं इतक्या लांबून येतात, आपण इथले असून गेलो नाही तर बरं दिसत नाही.

माघ महिन्यात कधीतरी, सुके बोंबील विकायला उत्तनहून येणाऱ्या कोळणीजवळ मी हे सगळं बोलून गेले. ती आमच्या ओट्यावर टोपली टेकून बसली होती. तिने शांतपणे बोंबलाची जुडी बांधली आणि म्हणाली, "कोरड्यांकडं का न्हाय नेत त्याला?"

कोरडे कोण, हे मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं ते असं. डोंगरीला तिच्या नात्यातले एक म्हातारे किरिस्ताव गृहस्थ होते, बँडमास्तर. लग्नाला, सणाला त्यांचा बँड वाजायचा. बँडवाल्याला प्रत्येक यजमान आधी पाजतो, मग वाजवायला सांगतो. त्या पायी मास्तर इतके पिऊ लागले की एका लग्नात नवरीची वरात समजून भलत्याच कुणाच्या अंत्ययात्रेपुढे नाचाची चाल वाजवत गेले. त्या दिवशी त्यांनी दारू सोडली. एकट्याला सुटेना, म्हणून आपल्यासारखे आणखी गोळा केले. आता ते रोज तिन्हीसांजेला जमतात. तिचा स्वतःचा नवरा त्यांच्यात ढोल वाजवतो. लोक त्यांना कोरडे म्हणतात.

"आणि खरंच पीत नाहीत?" मी विचारलं.

"माजा दादला आता घरी येतो तवा शुद्धीवर असतो," ती म्हणाली. "कदी कदी नको वाटतं, एवढं बोलतो."

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी गाडी जुंपायला लावली आणि भावाला सांगितलं, चल. कुठे, ते सांगितलं नाही. मोर्वा मागे पडलं, डोंगरी आली. कोळणीने सांगितलेली खूण म्हणजे जाळी ठेवायची झावळ्यांची मोठी खोप, टेकाडाच्या खाली. वारा आमच्या पाठीकडून समुद्राकडे वाहत होता, त्यामुळे काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. आणि दिसलं ते असं: दहाबारा दांडगे पुरुष गोल करून बसलेत आणि प्रत्येकाने दारूची बाटली तोंडाला लावली आहे. मध्ये एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा हातात छडी घेऊन उभा. छडी वर गेली की सगळ्या बाटल्या वर. छडी खाली आली की खाली. असं शिस्तीत पिणं मी कुठे पाहिलं नव्हतं.

भाऊ गाडीतून उडी मारून उतरला. "बाय," तो म्हणाला, "तू म्हणतेस तर राहातो मी हितं."

मी छत्री घेतली आणि टेकाड उतरले. त्या कोळणीला काय काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत उतरले. जवळ गेल्यावर मात्र आवाज आला. भूं. मग जरा वरच्या पट्टीत, भूं. लांबवर एखादी बोट शिट्टी देत असावी आणि जवळच गाय हंबरावी, असं काहीतरी. ते पीत नव्हते. बाटलीच्या तोंडावर फुंकत होते. कुणाच्या बाटलीत तळाशी पाणी होतं, कुणाच्या अर्धी भरलेली, आणि ज्याची जितकी भरलेली तितका त्याचा सूर वेगळा.

मास्तरांनी छडी थांबवली आणि माझ्या उगारलेल्या छत्रीकडे बघितलं. "तालात मार, बाई," ते म्हणाले. "मधीच नको."

त्यांची पद्धत अशी होती. बँडात वाद्यं थोडी. नवा माणूस आला की त्याला लगेच पितळ मिळत नसे. त्याने आपली शेवटची बाटली रिकामी करून आणायची. ती कशी रिकामी केली हे मास्तर विचारत नसत. त्या बाटलीवर फुंकून फुंकून दम बसला, ओठ पक्के झाले, की मग वाद्य. मी म्हटलं, दारुड्याच्या हातात पुन्हा बाटलीच देता, हे कसलं शहाणपण?

"सवयी दोन हायत," मास्तर म्हणाले. "एक पियाची, एक बाटली तोंडाला लावायची. दोन्ही एकदम सोड म्हटलं तर मानूस पळून जातो. आमी एकच सोडवतो."

भावाला त्यांनी एकच प्रश्न विचारला. जन्मभर सोडशील का, असं नाही. देवाची शपथ घेतोस का, असंही नाही. "उद्या येशील काय?" एवढंच. उद्यापुरतं खोटं बोलायचंही त्याला सुचलं नाही. तो हो म्हणाला.

त्या दिवशी बाटल्या खाली ठेवल्यावर त्यांच्या गप्पा सुरू झाल्या, आणि मी पाठ करून उभी असले तरी कान उघडे होते. पिऊन कोणी काय केलं होतं ते ते एकमेकांना सांगत, आणि त्यात चढाओढ असे. एकाने आपलीच होडी शत्रूची समजून तिला भोक पाडलं होतं आणि सकाळी शत्रूविरुद्ध फिर्याद द्यायला गेला होता. दुसऱ्याने सासूचं डुक्कर सासूलाच विकलं होतं. शिवाय तिने घासाघीस केली म्हणून तिला ओरडला होता. ढोलवाला, म्हणजे आमच्या कोळणीचा नवरा, त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पापाची कबुली द्यायला गेला आणि पाद्रीबाबांचंच पाप काय म्हणून त्यांची चौकशी करत बसला. प्रत्येक गोष्टीला ते लहान मुलांसारखे खिदळत. शाळेत असं हसणाऱ्यांना मी बाकावर उभं केलं असतं.

मग माझ्या भावाने मिठाची गोष्ट सांगितली. उघाडी, उधाण, आणि सकाळी मला विचारलेला प्रश्न. मग तो डुक्कर विकणारा आदराने म्हणाला, "समुद्राला मीठ विकलंस. आमच्यात न्हाय कोनी एवढा मोटा." आणि सगळे पुन्हा फुटले. भाऊही हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गाडीत परत बसताना त्याने विचारलं, उद्या किती वाजता निघायचं.

तेव्हापासून तो मिठागरावरून परस्पर डोंगरीला जाऊ लागला. मास्तरांना उपदेशाची सवय नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं: पिणाऱ्याला जड जाते ती तिन्हीसांज. ती एक वेळ तोंड गुंतवून ठेवलं की पुढे जेवण असतं, झोप असते. आणि बँडात सोय अशी की एक जण आला नाही तरी ऐकणाऱ्याला कळतं. चालीत तेवढी जागा रिकामी राहते. डोंगरीच्या बायका स्वयंपाक करता करता ओळखायच्या, आज अमक्याचा दादला गेलेला नाही, आणि तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्याला शोधायला निघायच्या.

माझा भाऊ फाल्गुनात एकदा चुकला. शिमग्याचा दिवस, गावातला पिठा गच्च. तो दारातून आत गेला असं मला शेजारणीने सांगितलं. मी जाऊन त्याला ओढून आणण्याच्या बेतात होते, इतक्यात वाटेवरून बँडचा आवाज आला. गाडीत उभे राहून, वाजवत, सगळे कोरडे राईत आले. पिठ्यात पाऊल टाकायचं नाही हा त्यांचा नियम. ते दाराबाहेर अर्धगोल करून उभे राहिले आणि नवरदेव मांडवात येताना वाजवतात ती चाल सुरू केली.

थांबायचं नावच नाही. आतल्यांना आपसात बोललेलं ऐकू येईना. पिठेवाला बाहेर येऊन हात जोडू लागला. मास्तरांनी छडीने त्याला तालाबाहेर उभं राहू नकोस असं सुचवलं. मागच्या दाराने गिऱ्हाइकं पळाली. शेवटी माझा भाऊ तोंडावर पंचा ओढून बाहेर आला. त्याने पेला उचललेला होता पण तोंडाला लावला नव्हता, असं तो म्हणाला. तोंडाला लावलेला असावा असं मला वाटलं, पण संपवलेला नव्हता. कोणी काही विचारलं नाही. ढोलवाल्याने झावळीची पाती वळून त्याच्या कपाळाला बाशिंग बांधलं, त्याला मध्ये घेतलं आणि वरात घरापर्यंत आणली. गावातल्या बायका खरंच कुणाचं लग्न म्हणून ओवाळणीचं तबक घेऊन दारात आल्या. एका म्हाताऱ्या काकूंनी तर त्याला ओवाळलं आणि विचारलं, "नवरी कनची रे?"

"चेण्याचीच," तो म्हणाला. "जुनीच हाय. परत आनायचीय."

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी त्याला वाद्य दिलं. मिठाच्या पाट्या उचलून त्याची छाती भरलेली, म्हणून सर्वांत मोठा पितळी कर्णा. अंगाभोवती वेटोळं घालून पोटाशी धरायचा. त्यातून दोनच सूर काढायचे होते, एक खालचा आणि एक त्याच्याही खालचा. घरी सराव केला की भिंतीवरची भांडी थरथरायची. ओठ फुटू नयेत म्हणून तो त्यांना खोबरेल चोळायचा. मी दिवसभर मुलींचे पाढे ऐकून आल्यावर रात्री ते ऐकत असे, आणि तरीही तक्रार केली नाही, यावरून मला भावजय किती हवी होती ते समजावं.

सगळं ठीक चाललं होतं आणि चैत्र संपता संपता भाऊ मला म्हणाला, "बाय, पहिल्या पेल्याचं काय?"

आमच्याकडे लग्नात नवरीचा बाप मांडवात पहिला पेला थोरल्या जावयाला आपल्या हाताने देतो. तो मान. जावयाने तो घेतल्याशिवाय लग्नाला सुरुवात नाही. घेतला नाही तर सासऱ्याचा, त्याच्या गावाचा आणि कुळदेवाचा अपमान. म्हणजे प्याला तर काडीमोड आणि न प्याला तर त्याहून वाईट. अट घालताना हे त्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी चेण्याला निरोप पाठवून विचारलं. उलट निरोप आला: मान म्हणजे मान, दारू म्हणजे दारू, दोन्हींची गल्लत करू नये.

मी तो निरोप जसाच्या तसा डोंगरीला मास्तरांना सांगितला. ते बराच वेळ मिशा चोळत राहिले. मग म्हणाले, "मास्तरीण, वाजतं वाद्य तुमच्यात मधीच थांबवतात काय?"

थांबवत नाहीत. लग्नात वाजतं वाद्य तोडलं तर जोडा तुटतो, असं मानतात.

"मंग झालं तर," मास्तर म्हणाले. "तोंड रिकामं असंल तर पेला येल."

त्यांनी स्वतः चेण्याला जाऊन लग्नाची सुपारी घेतली. जो बँड जेवणावर वाजवतो आणि दारू मागत नाही तो कुठल्या यजमानाला नको असतो? सासरेबुवांनी त्यांना मिठी मारली म्हणे. त्या बँडात कोण कोण आहे हे विचारलं नाही. मी भावासाठी लाल कोट शिवायला घेतला; आधीच्या माणसाचा होता, तो काखेत उसवून मोठा केला आणि पितळी बटणं चिंचेने घासून चकचकीत केली.

लग्नाच्या दिवशी आम्ही एकाच गाडीतून गेलो. चेण्याच्या मांडवात सगळे थोरल्या जावयाची वाट बघत होते. पाट मांडला होता, रांगोळी होती, सासरे नव्या गुलाबी फेट्यात उभे होते आणि हातात काठोकाठ भरलेला पेला होता. बँड वाजत आत शिरला. पहिली रांग गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या रांगेत, गाल फुगवलेला, डोळे बाहेर आलेला, लाल कोटातला जावई.

मांडवातून आधी कुजबुज आणि मग हशा उठला. जावई वाजंत्र्यांत! कोणीतरी ओरडलं, "यजमानांनी जावई भाड्यानं आनलाय!" दुसरा म्हणाला, "घरजावई ऐकला होता, बँडजावई आजच पाह्यला." सासऱ्यांचा चेहरा आधी फेट्यासारखा झाला आणि मग फेट्याहून लाल. पण वाद्य वाजत होतं. ते पेला घेऊन त्याच्या बाजूने चालू लागले. मास्तरांनी छडी फिरवली, बँड डावीकडे वळला. सासरे डावीकडे वळले. बँड उजवीकडे. मांडवाला अशा किती फेऱ्या झाल्या ते देव जाणे. पुढे बँड, मागे पेला सावरत सासरे, त्यांच्यामागे आपल्याला नाचायचं आहे असं समजून अर्धं गाव. पेला सांडू नये म्हणून ते गुडघ्यात वाकून, लहान लहान पावलं टाकत चालत होते, आणि तोही एक नाच आहे असं समजून मागचे तसेच चालायला लागले.

माझी भावजय करवली होती. हातात कलश घेऊन नवरीपाशी उभी. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिने नवऱ्याला पाहिलं, मग बापाला पाहिलं, आणि कलश हातात असल्यामुळे तिला तोंडावर पदर घेता येईना, म्हणून ती सगळ्यांसमोर खदाखदा हसत उभी राहिली.

इथवर बेत उत्तम चालला. पण धवलारीण पुढे आली. धवलारीण म्हणजे आमच्या लग्नात धवळ्यांची गाणी म्हणणारी बाई. लग्न ती लावते, आणि तिच्यापुढे भटजीचंही चालत नाही. पाठीत वाकलेली म्हातारी ती, पण तिने हात वर केला आणि म्हणाली, "आता गप. माजी येळ झाली." मास्तरांनाही काही करता येईना. छडी खाली आली. मांडव शांत झाला.

भावाने कर्णा तोंडापासून काढला. ओठ सुजून पोळीएवढे झाले होते. सासरे समोर, पेला समोर. सासऱ्यांच्या हाताला कळ लागली होती. मी मागे खांबाला टेकून उभी होते; हातातल्या छत्रीची दांडी मी मोडली, हे मला नंतर कळलं.

भावाचा हात पुढे आला. तो मान घ्यायला आला की पेला घ्यायला, हे त्या क्षणी त्यालाही ठाऊक नसावं. भावजयीचं हसू थांबलं. मग त्याचा हात मागे गेला. त्याने कर्णा उलटा करून त्याचं रुंद तोंड आभाळाकडे केलं आणि सासऱ्यांपुढे धरला.

"मामा," तो म्हणाला; ओठांमुळे शब्द जाड येत होते, "मान मना पायजे. तो ह्याच्यात वता. मना दारू चालत न्हाय."

"बाजाला मान?" सासरे म्हणाले. त्यांनी कुळातल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे चूक की बरोबर हे सांगणार कोण?

धवलारीण वैतागली होती. "देवाच्या दगडावर वततोस ती काय दगड पितो?" ती म्हणाली. "मान पोचतो. वत लवकर, माजा गळा सुकलाय."

सासऱ्यांनी ओतला. संबंध पेला. गळगळ आवाज करत तो वेटोळ्यांतून खाली उतरला. मांडवात आनंदाचा एकच गलका झाला. फक्त मास्तरांनी छातीवर क्रूस काढला, कारण बँडात मोठा कर्णा तो एकच होता.

लग्न लागलं, जेवणं झाली, वरात निघायची वेळ आली. वरातीला भावाला पुन्हा वाजवणं भाग होतं. कर्ण्यातून आता सूर येईना. हुक्का ओढावा तसा गुडगुडाट येऊ लागला. त्याने जोर केला तेव्हा आतला मान फवाऱ्याने बाहेर आला आणि नवऱ्या मुलाच्या काकांच्या अंगावर गेला. ते काका दिवसभर मनासारखं फुकट प्यायला मिळालं नाही म्हणून कुरकुरत होते. त्यांनी मिशा चाटल्या आणि शांत झाले.

पण त्या फवाऱ्याने भावाच्या अंगाला वास लागला आणि सासऱ्यांना शंका आली. वरात थांबवून त्यांनी मुलीला हाक मारली. "जा. तोंडाचा वास घे त्याच्या. आन खरं सांग."

चार गावांच्या देखत बायकोने नवऱ्याच्या तोंडाशी नाक न्यायचं! बायकांनी पदर दातांत धरले. मास्तरांनी सभ्यपणे बँडला पाठ फिरवायला सांगितलं; बँड मान वळवून बघत राहिला. भावजय पुढे आली. भाऊ इतका घाबरला होता की श्वासच सोडेना. "सोडा," ती म्हणाली. त्याने सोडला. तिने घाई केली नाही. आमच्या घरी दूध नासलं का हे बघतानाही ती अशीच वेळ घ्यायची.

"पितळेचा वास येतोय," ती वडिलांना म्हणाली. "आनि खोबरेलाचा."

सासऱ्यांनी फेटा काढून घाम पुसला आणि मला सांगितलं, गाडी जोड.

परतीच्या वाटेवर नवीच अडचण उभी राहिली. गाडीत दहाबारा कोरडे पुरुष आणि मध्ये दारूने न्हालेला कर्णा. वास भारी मालाचा होता. सासऱ्यांनी मानात कसर केली नव्हती. मग डुक्कर विकणारा म्हणाला की तो जरा पायी चालेल. मग होडीवाला. मग काशी यायच्या आत सगळा बँड गाडीच्या पुढे, वाऱ्याच्या उलट बाजूला चालत होता, आणि माझा भाऊ सर्वांत पुढे. गाडीत मी, भावजय आणि कर्णा.

वाटेत ओहोळ लागला तिथे तिने गाडी थांबवायला लावली. पदर खोचला, कर्णा काठावर ओढला आणि राख नव्हती म्हणून वाळूने घासायला घेतला. मास्तर लांबून ओरडले, पितळ खरवडेल. ती म्हणाली, "वास भांड्याला हाय, मानसाला न्हाय. भांडं मना घासता येतं." मी पाणी ओतत होते. आतून एक एक वेटोळं धुऊन काढलं. मग तिने भावाला हाक मारून बोलावलं आणि फुंकून बघायला सांगितलं. त्याने फुंकलं. ओहोळाचं सगळं पाणी, वाळूसकट, माझ्या अंगावर आलं.

तोवर तिन्हीसांज झाली होती. ही त्यांची वेळ. कोणाला सांगावं लागलं नाही. सगळे गाडीत चढले, ढोलवाल्याने दोन टिपऱ्या मारल्या आणि बँड सुरू झाला. बैलांना याची सवय नव्हती. ते उधळले. मिऱ्याच्या वाटेने आम्ही शेपट्या वर केलेल्या बैलांच्या मागे धडधडत चाललो, लोक दिवे घेऊन बाहेर आले, मास्तर पडता पडता छडी हलवत होते, भाऊ एका हाताने गाडीची दांडी आणि एका हाताने कर्णा धरून त्याचे ते दोन सूर काढत होता, आणि एकही सूर चुकत नव्हता.

भावजयीने दोन्ही हातांनी मला धरलं होतं. माझ्या कानाशी तोंड आणून तिने ओरडून विचारलं, "वन्सं, हे रोज असंच असतं?"

"रोज," मी ओरडले.

तिने थोडा विचार केला. गाडीचं एक चाक वर उचललं गेलं आणि परत खाली आलं.

"मग ऱ्हाते मी," ती म्हणाली.